शशिकांत नवरा म्हणून कसा निघाला असता?

आठवडाभर दाढी करायची नाही, एवढंच मी ठरवलं होतं. माणसाच्या आयुष्यात याहून किरकोळ निर्णय दुसरा नसेल. पण त्या दाढीपायी माझी जुळत आलेली सोयरीक मोडली, एका सज्जन माणसाने भर मांडवात माझी सालटी काढली आणि आमच्या आत्याने माझ्याविरुद्ध शपथेवर साक्ष दिली. (शपथेशिवाय ती रोजच द्यायची, पण ती घरातल्या घरात.)

साल अठ्ठावन्न. मुंबई होती, महाराष्ट्र व्हायचा होता. ठाकूरद्वारच्या आमच्या वाडीच्या रस्त्याकडच्या भिंतीवर 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असं डांबराने लिहिलेलं असे. सरकारी माणसं येऊन त्यावर चुना फासून जायची, आणि चुना वाळतो न वाळतो तोच नवीन अक्षरं उमटायची. त्या एका भिंतीला दोन-तीन वर्षांत जेवढे हात बसले, तेवढे मालकाने सगळ्या वाडीला मिळून पन्नास वर्षांत दिले नसतील. मी शिवडीला एका गोदामात क्लार्क होतो. वय सव्वीस. आईवडील मी लहान असतानाच गेले, आत्याने वाढवलं. एक खोली, एक मोरी आणि एक आत्या, एवढा आमचा संसार. ती वाडी आता नाही. तिथे बावीस मजली इमारत आहे, आणि गेल्या वर्षी मी सहज डोकावलो तर वॉचमनने विचारलं, 'किससे मिलना है?' मी त्याला कोणाकोणाची नावं सांगणार? आल्या पावली परत फिरलो.

तर त्या वर्षी गणपतीत आम्ही ठरवलेल्या शाहिरांनी आठवडाभर आधी कळवलं, की त्यांना संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभेला परळला जायचंय. समितीच्या सभेपुढे तेव्हा कोणाचं काही चालत नसे. खुद्द गणपतीनेही तक्रार केली नसती. शनिवारची संध्याकाळ रिकामी पडली. तेव्हा वाडीतले वडीलधारे अप्पा म्हणाले, "आपण अभिरूप न्यायालय भरवू."

हा प्रकार त्या काळी फार जोरात होता. गोष्टीतल्या एखाद्या माणसावर खोटाच खटला भरायचा. न्यायाधीश, वकील, साक्षीदार सगळे आपल्यातलेच. अप्पांनी तीस वर्षं कोर्टात न्यायाधीशांच्या खालच्या टेबलाशी बसून काढली होती, त्यामुळे वरच्या खुर्चीवर कोण बसणार हा प्रश्नच नव्हता. आरोपी म्हणून सर्वानुमते शशिकांतचं नाव निघालं.

शशिकांत म्हणजे वाडीच्या वाचनालयातल्या एका कादंबरीचा नायक. तिचा पुठ्ठा आणि पहिली आठ पानं कधीच गेली होती, त्यामुळे नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. सगळे तिला 'शशिकांतची कादंबरी' म्हणायचे. शशिकांतचं सुलोचनेवर प्रेम असतं. तो ते आठ वर्षं तिला सांगत नाही. तिचं लग्न दुसरीकडे होतं, मग हा दाढी वाढवतो, शाल पांघरून नदीकाठी बसतो, खोकतो, कविता करतो आणि शेवटी खोकला जिंकतो. वाडीतल्या प्रत्येक बाईने ती कादंबरी दोन-तीनदा वाचली होती. एकशेबारावं पान तर रडून रडून फुगलं होतं. (वाचनालय मोरीला लागून होतं, हेही सांगायला हवं.) त्यामुळे अप्पांनी खटल्यापुढे प्रश्न ठेवला तो असा: सुलोचना जर शशिकांतला मिळाली असती, तर तो चांगला नवरा झाला असता काय?

शशिकांतच्या कामासाठी माझी निवड झाली. ती देखणेपणामुळे झाली, असं मी बरीच वर्षं सांगत आलो आहे. खरं कारण खोकला. गोदामातल्या धुळीने तो मला बारा महिने असे. मग अंगात शशिकांत पुरता मुरावा म्हणून मी दाढी सोडली, आणि आत्या म्हणाली, "रविवारी पाव्हणे यायचेत, लक्षात आहे ना?"

लक्षात नसायला काय झालं? लालबागचे कोंडीराम, गिरणीतले जॉबर म्हणजे मुकादम, आपल्या भाचीचं स्थळ घेऊन रविवारी सकाळी दहाला येणार होते. भाचीचं नाव बकुळा. परळच्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तरीण. तिचा फोटो महिनाभर आमच्या फळीवर डब्यामागे होता. फोटोग्राफरने गृहपाठ केलेला नाही, अशा नजरेने ती त्यात बघत होती. मी गोदामातून आलो की आत्याची पाठ वळल्याबरोबर तो फोटो काढून बघायचो. त्या फोटोच्या मी पुरता प्रेमात पडलो होतो, आता सांगायला लाज कसली? ही मुलगी मिळाली नाही तर आपलं काही खरं नाही, असं मला मनापासून वाटत होतं. पण खटला शनिवारी आणि पाहुणे रविवारी. रविवारी सकाळी सहाला न्हाव्याकडे जायचं, विषय संपला.

माझा हिशेब चोख होता. फक्त कोंडीराममामांचा स्वभाव मला माहीत नव्हता. तीस वर्षं गिरणीत काढलेला माणूस. सूत बघायचं तर यंत्र चालू असताना बघावं, गुंडाळून ठेवलेलं बघून काय कळतं, असं त्यांचं मत होतं. म्हणून ते शनिवारीच, न कळवता, सहज गणपतीच्या दर्शनाला म्हणून बकुळाला घेऊन निघाले. वाटेत मोर्चामुळे ट्राम अडकली. भायखळ्यापासून दोघं चालत आले आणि पोचले तेव्हा खटला रंगात आला होता. बकुळा बायकांत जाऊन बसली. मामा पुरुषांच्या मागे, आमच्या वाडीतल्या दगडूशेजारी उभे राहिले.

पुढचं संभाषण मला नंतर दगडूनेच सांगितलं.

"काय चाललंय?" मामांनी विचारलं.

"खटला."

"कोणावर?"

"तो दाढीवाला. चांगल्या घरच्या पोरीला आठ वर्षं झुलवली आणि ऐन वेळी नदीवर जाऊन बसला."

"नाव काय त्याचं?"

"खटल्यात शशिकांत. वाडीत जयवंत."

"दोन-दोन नावं?"

"दोनच. तो कोपऱ्यातल्या खोलीत राहतो, आत्याकडे."

दगडूच्या तोंडात पान होतं. पान असलं की तो कमी शब्दांत बोलायचा. एरवी त्याने 'गोष्टीतला' हा एक शब्द नक्की जोडला असता.

आता मामांचंही काही चुकलं नाही. गिरणगावात चाळकमिटीपुढे भांडणं खरोखरच चालतात. कोणी कोणाला फसवलं तर पंच बसतात, दोन्ही बाजू ऐकतात आणि तोंडावर निकाल देतात. त्यात आमच्या मांडवात समोर गणपती बसलेला, त्याच्यापुढे हात करून शपथ घ्यायची. गणपतीसमोर शपथेवर खोटं नाटक करील, असा माणूस लालबागला अजून जन्मला नव्हता.

आणि मी? मी रंगात आलो होतो. फिर्यादीच्या वकील कमळाबाई. त्या बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होत्या. रोज पाच-सहा नवरे वऱ्हांड्यात येरझाऱ्या घालताना बघायच्या, त्यामुळे नवरा या विषयात त्यांचा अधिकार मोठा.

"आरोपीने सुलोचनेला पत्रं किती लिहिली?"

"एकशे चाळीस," मी खोकून म्हणालो.

"टाकली किती?"

"एकही नाही."

"मग लिहिली कशाला?"

"हृदयाचा भार हलका करायला!"

"लग्न झाल्यावर बायकोने कोथिंबीर आणायला सांगितली, तर आणाल? की तेव्हाही आधी हृदयाचा भार?"

बायकांत खसखस पिकली. मी शाल सावरली.

"बाई, प्रेमात कोथिंबीर नसते!"

"पण आमटीत असते. बरं, नळ किती वाजता येतो?"

"मला नळ ठाऊक नाही. मला फक्त नदी ठाऊक आहे!"

याला पुरुषांकडून कडाडून टाळी पडली. (वाडीत पाणी पहाटे चारला यायचं आणि ते भरायचं काम माझ्याकडे होतं. ते वाक्य म्हणताना मला जो आनंद झाला, तो खरा होता.)

मग कमळाबाईंनी साक्षीदार म्हणून आत्याला पुकारलं. साक्षीदारासाठी गोदामातून मीच आणलेली चहाची दोन रिकामी खोकी शेजारीशेजारी उपडी मांडली होती. आत्याचं वजन बेताचं नव्हतं, म्हणून मी पुढे होऊन तिला हात दिला, वर चढवलं आणि तिथेच उभा राहिलो. तिने शशिकांतच्या शेजारणीची चार वाक्यं बोलायची, असं ठरलं होतं. आठवडाभर मी ती पाठ करून घेतली होती. पण शपथेसाठी गणपतीकडे हात केला मात्र, आत्याचा चेहरा पालटला.

"आरोपीला किती वर्षं ओळखता?"

"लहानाचा मोठा केला त्याला."

"आत्या, शेजारीण..." मी कुजबुजलो.

"गप रे! समोर देव बसलाय, खोटं कशी बोलू?" आणि ती सुरू झाली. "ओला टॉवेल गादीवर टाकतो. दूध उतू जात असलं तरी शेजारी उभा राहून पेपर वाचतो. एकदा मला ताप आला तेव्हा पेज केलीन ह्याने. तांदूळ न धुता! हाक मारली की 'आलो' म्हणतो आणि येत नाही. सव्वीस वर्षांचा घोडा झाला, चहा केला तर भांडं जाळतो."

ती वीस मिनिटं बोलत होती. मांडव लोटपोट हसत होता आणि मी मुकाट ऐकत होतो. शेवटी कमळाबाईच दमल्या आणि मुद्द्यावर आल्या.

"आरोपी सुलोचनेसाठी कधी रडला होता का?"

"कोण सुलोचना?"

"तिच्यावर आरोपीचं आठ वर्षं प्रेम होतं."

आत्या गर्रकन माझ्याकडे वळली. "कोण रे ही सुलोचना? आठ वर्षं? आणि मला एका शब्दाने बोलला नाहीस?"

मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. फक्त मागे उभे असलेले मामा हसले नाहीत. घरच्या माणसालाही पत्ता नाही, म्हणजे प्रकरण किती खोल असेल! ते तरातरा गर्दीतून पुढे आले.

"थांबवा हे! निकाल कसला लावताय? त्या सुलोचनाच्या बापाला बोलवा आणि ह्याच मांडवात दोघांचं लावून टाका! आमचा चेडू काय वाटेर पडला हा, म्हणून ह्या मेल्याच्या गळ्यात बांधू? सोयरीक मोडली! गणपतीसमोर, चार माणसांत सांगतो, मोडली!"

असा कडकडाट झाला टाळ्यांचा, की तसा मी आयुष्यात पुन्हा ऐकला नाही. परळहून एखादा कसलेला कामगार नट मुद्दाम आणलाय, असंच सगळ्यांना वाटलं. अप्पा तर हरखूनच गेले. हातोड्याऐवजी घेतलेला बत्ता त्यांनी टेबलावर आपटला.

"साक्षीदाराने नाव सांगावं."

"कोंडीराम. जॉबर, लालबाग."

"आरोपीशी नातं?"

"आतापर्यंत जावई होणार होता!"

पुन्हा टाळ्या. डब्यामागचा तो फोटो माझ्या डोळ्यांपुढे आला आणि मी नाटकबिटक विसरून ओरडलो, "मामा, मी तो नाही! मी शशिकांत नाही हो!"

"वा!" कोणीतरी म्हणालं. "वन्समोअर!"

"बघा," मामा गणपतीकडे हात करून म्हणाले, "आता नावसुद्धा नाकारतो."

मी रडकुंडीला आलो. दाढी, खोकला आणि आता डोळ्यांत पाणी; इतका हुबेहूब शशिकांत मी तालमीतसुद्धा झालो नव्हतो. जितकं खरं सांगावं तितक्या टाळ्या वाढत होत्या. तेवढ्यात बायकांतून एक मुलगी उठली. दोन वेण्या, अबोली पातळ. फोटोतल्यापेक्षा बारीक होती, नजर तीच.

"मामा, ती गोष्ट आहे," ती म्हणाली. "शशिकांत पुस्तकातला आहे. मी वाचलंय ते."

"आणि सुलोचना?"

"ती पण पुस्तकातली."

"आणि आत्या?"

"आत्या खऱ्या आहेत."

काय झालंय ते हळूहळू सगळ्यांच्या लक्षात येत गेलं, आणि मघाशी टाळ्या पिटणारे लोक आता आपापल्या पायांकडे बघू लागले. मामा मटकन बाकावर बसले. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. एवढा रांगडा माणूस, पण चेहरा पार उतरला होता.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "पण गणपतीसमोर मोडली म्हणालो. चार माणसांनी ऐकलं. आमच्यात बोललेलं मागे घेत नाहीत. मी घेतलं, तर उद्या गिरणीच्या खात्यात माझा शब्द कोण धरील?"

त्यांचं खरं होतं, आणि हे मलाही कळत होतं. आत्या पदराने डोळे टिपायला लागली. "माझ्या जिभेला काही हाड," असं ती पुटपुटत होती.

अप्पांनी घसा साफ केला. "साक्षीदाराचा शब्द मागे घेता येत नाही, हे खरं. पण उलटतपासणी व्हायची आहे."

"कोण घेणार उलटतपासणी?" कमळाबाईंनी विचारलं.

"मी घेते," बकुळा म्हणाली आणि पुढे आली. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. "मामा, आत्या साक्ष देत होत्या तेव्हा तुम्ही कुठे बघत होतात?"

"त्यांच्याकडे. दुसरीकडे खंय बघू?"

"मी खाली बघत होते. खोकी डुगडुगत होती. आत्या पडल्या असत्या. ह्यांनी एका खोक्याला पाय लावून ठेवला होता. वरून आत्या ह्यांची अब्रू काढत होत्या आणि हे खालून खोकं धरून उभे होते. वीस मिनिटं. तुम्ही पाहिलंत?"

"नाय पाहिलं."

"शशिकांतने काय केलं असतं?"

"माका काय म्हायत? मी पुस्तक वाचूक नाय."

"मी सांगते. शशिकांत नदीवर गेला असता."

आधी कमळाबाईंनी टाळी वाजवली, मग सगळ्या बायकांनी. आत्या तर "माझा बाळ तो!" म्हणून माझ्या दाढीवरून हात फिरवायला लागली. मग मामांनी मान वर केली.

"अप्पासाहेब, मी सोयरीक मोडली ती कोणाशी? ज्याच्यावर खटला आहे त्याच्याशी ना?"

"अर्थात."

"म्हणजे शशिकांताशी मोडली. ती मोडलीच. जयवंताबद्दल मी काय बोललेलो नाय."

अप्पांनी बत्ता उचलला. तीस वर्षं खालच्या टेबलाशी बसून जे काही साठलं असेल, ते सगळं त्यांच्या आवाजात उतरलं. "हे न्यायालय शशिकांत याला नवरा म्हणून नालायक ठरवत आहे. जयवंत याला मात्र, उद्या सकाळी दहा वाजता दाढी करून हजर राहण्याच्या अटीवर, सोडण्यात येत आहे."

मी साडेनवालाच हजर होतो. मार्गशीर्षात आमचं लग्न झालं. लालबागहून अख्खं खातं लग्नाला आलं होतं, आणि वाढपी कमी पडले तेव्हा मामा स्वतः जिलब्यांची परात घेऊन पंगतीत फिरले. ती पंगत, तो आरडाओरडा, अंगणात भांडी घासत हसणाऱ्या बायका, हे सगळं अजून कानात आहे. त्यातली आता फार थोडी माणसं उरलीत.

एक गोष्ट मात्र मला आत कुठेतरी टोचत राहिली. शेवटी साठ सालच्या एक मेला महाराष्ट्र झाला. मुंबईभर रोषणाई होती. आम्ही दोघं शिवाजी पार्कला गेलो होतो, आमची मालन आठ महिन्यांची, बकुळाच्या कडेवर. सगळीकडे आनंदीआनंद, अनोळखी माणसं एकमेकांना पेढे देत होती. अशा दिवशी माणसाने खोटं घेऊन राहू नये, असं मला वाटलं.

"बकुळा, एक सांगायचंय. त्या दिवशी मी खोकं धरलं नव्हतं. आत्या वर चढली, दोन्ही खोकी सरकली आणि माझा पाय मध्ये अडकला. काढताच येईना. अंगठ्याचं नख महिनाभर काळंनिळं होतं."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली.

"ठाऊक आहे? कधीपासून?"

"तेव्हापासूनच. तीनदा ओढून बघितलात तुम्ही. मला दिसत नव्हतं का?"

"आणि तरी होकार दिलास?"

"म्हणून तर दिला. पाय चेंगरला, वरून बोलणी बसली, चारचौघं हसली, तरी माणूस हूं की चूं करत नाही आणि जागचा हलत नाही. मी म्हटलं, प्रेमासाठी मरणारे पुस्तकात पुष्कळ मिळतील. असा नवरा पुन्हा मिळायचा नाही."

असं म्हणून तिने मालनला माझ्या कडेवर दिलं, पिशवी माझ्या खांद्याला अडकवली, "इथेच थांबा हं," म्हणाली आणि रोषणाई बघायला एकटी पुढे निघून गेली. तासाभराने ती परत आली, तेव्हा मी अर्थातच तिथेच उभा होतो.